दूध येत नाहीये, की बाळाला अजून ओढता येत नाहीये?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. पहिलंच बाळंतपण. ३३ आठवडे पूर्ण झाले आणि बीपी एकदम इतकं वाढलं की तातडीने सिझर करावं लागलं. मुलगा झाला, वजन १७०० ग्रॅम, जन्मल्या जन्मल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. ती स्वतः दोन दिवस आयसीयूत होती, त्यामुळे बाळाला पहिल्यांदा बघितलं तिसऱ्या दिवशी आणि दूध काढायचा पंपही पहिल्यांदा लावला तिसऱ्याच दिवशी. आता बाळ १८ दिवसांचं आहे, वजन १८६० ग्रॅम, श्वास आपला आपण घेतंय, पण दूध अजून नळीनेच, दर तीन तासांनी ३५ मिली. ती दूर दुसऱ्या खोलीत भिंतीकडे बघत दिवसातून सहा वेळा पंप करते, दर वेळी दोन्ही बाजूंचं मिळून ३५-४० मिली निघतं, कमी पडेल तेवढा फॉर्म्युला. चार दिवसांपासून सिस्टर बाळाला अंगावर द्यायला लागल्यात पण ते दोनचार वेळा चोखतं आणि झोपून जातं. नणंदेला म्हणे एका वेळी १२० मिली निघायचं. घरचे म्हणतात सिझर झालं की दूध कमीच येतं, रात्री उठू नकोस, टाके आहेत, झोप घे. आणि तिचा प्रश्न असा: "मला दूधच येत नाही, बाळालाही मी नकोय असं वाटतं. पंप बंद करून सरळ फॉर्म्युला सुरू करू, की हट्टाने चालू ठेवू? आणि बाटलीची सवय लागली तर ते कधीच अंगावर पिणार नाही हे खरं का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद घेऊन हिशोब मांडला, तो आधी तुला दाखवते. बाळाला दर तीन तासांनी ३५ मिली, म्हणजे दिवसाला आठ वेळा, झाले २८० मिली. तू सहा वेळा पंप करतेस, ३५-४० मिली निघतं, म्हणजे दिवसाचं २२० च्या आसपास. म्हणजे तुझ्या लेकाच्या पोटात जे जातंय त्यातलं बारा आण्यांहून जास्त तुझं आहे. "मला दूधच येत नाही" हे वाक्य आणि हे आकडे एकाच पत्रात आहेत आणि ते तुला दिसले नाहीत याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही, अठरा दिवस धड झोप नाही, पोटावर टाके, बाळ काचेच्या पेटीत आणि कानावर १२० मिलीच्या गोष्टी, अशात कुणाला आकडे दिसणार. नणंदेचे १२० मिली तू मनातून काढून टाक, तिचं बाळ तेव्हा किती महिन्यांचं होतं आणि किती पीत होतं हे तिलाही नीट आठवत नसेल. पूर्ण दिवसांचं बाळ महिन्या-दोन महिन्यांचं झालं की दिवसाला साधारण ७५०-८०० मिली पितं, त्याच्या आईला तेवढं येणारच. तुझं बाळ दोन किलोचंही नाहीये गं अजून.

पण नुसता धीर देऊन पत्र संपवलं तर ते खोटं ठरेल. आज २२० बाळाच्या गरजेच्या जवळ आहे, उद्या नसेल. ते अडीच किलोचं, तीन किलोचं होईल तेव्हा त्याला साडेचारशे-पाचशे मिली लागेल, आणि म्हणूनच लवकर झालेल्या बाळांच्या आयांना साधारण दोन आठवड्यांपर्यंत दिवसाला ५०० मिलीच्या पुढे जायचा प्रयत्न करायला सांगतात, बाळ आत्ता तेवढं पिणार नसलं तरी. कारण शरीर पहिल्या काही आठवड्यांत ठरवतं की किती दूध बनवायचं. तू त्या आकड्याच्या मागे आहेस, पण दार बंद झालेलं नाही, आणि मागे का आहेस याची कारणं तुझ्या पत्रातच आहेत. त्यातलं "मी आई म्हणून कमी पडले" हे एकही नाही.

आधी ते सिझरचं बघू, कारण हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता त्याचा राग येतो. दूध यायला लागतं ते वार बाहेर आल्यामुळे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन दुधाला दाबून ठेवतं, वार निघाली की ते खाली येतं आणि दुधाचं काम सुरू होतं. वार खालून आली काय आणि पोटातून काढली काय, हार्मोनला त्याचं काही नसतं. मग सिझरनंतर दूध उशिरा का येतं? येतं खरं, एखाद दिवस मागेपुढे होतं, पण कापलं म्हणून नाही. बाळ लगेच छातीशी येत नाही, आई गुंगीत असते, दुखत असतं, सलाइन लागलेलं असतं, पहिलं पाजणं किंवा पिळून काढणं लांबतं, म्हणून. आणि दुखलं, भीती वाटली की पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन हे हार्मोन अडतं, म्हणजे छातीत दूध असतं पण पान्हा फुटत नाही. माझी मोठी सिझरचीच, पूर्ण दिवसांची होती, आणि चौथ्या दिवशी रात्री छाती भरून आली तोपर्यंत मी घरात सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते की मला दूध नाही.

तुझ्या बाबतीत तर बाळ साडेसहा-सात आठवडे आधी आलं, बीपीने तूच आजारी, आणि छाती पहिल्यांदा रिकामी झाली तिसऱ्या दिवशी. जमलं तर पहिल्या काही तासांतच सुरू करा असं सांगतात. तुला ते शक्यच नव्हतं, तू आयसीयूत होतीस. तरी १८व्या दिवशी २२० मिली आहेत.

आता मुख्य गोष्ट. दूध बनवणं आणि बाळाने अंगावर पिणं ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्ण दिवसांच्या बाळात ती एकत्रच होतात, बाळ ओढतं म्हणून दूध बनतं आणि बनतं म्हणून ओढतं, त्यामुळे आपल्याला ती दोन आहेत हे कळतसुद्धा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात काही आठवडे ती फारकत घेतात. दूध बनवणं तुझं काम, ते आत्ताच करायला लागतं, त्याला घड्याळ आहे. पिणं हे बाळाचं काम, त्याला वेळ आहे, ते थांबू शकतं. तू उलटं करतेयस, जे थांबू शकतं त्याची रात्रंदिवस काळजी करतेयस आणि ज्याला घड्याळ आहे तेच बंद करायचा विचार करतेयस.

बाळ का झोपतं ते सांगते म्हणजे "मी त्याला नकोय" हा विचार तरी जाईल. अंगावर पिताना बाळाला तीन गोष्टी एका तालात कराव्या लागतात, चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं. हा ताल साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपासून जुळायला लागतो आणि पक्का व्हायला ३६-३७ आठवडे, कधी आणखी थोडे जातात. तुझं बाळ पोटात असतं तर आज साडेपस्तीस आठवड्यांचं असतं. म्हणजे अजून जन्मालाच आलं नसतं आणि आपण त्याच्याकडून जेवण पूर्ण संपवायची अपेक्षा करतोय. त्याच्या गालात चरबी नाही, जबडा लगेच दमतो, दोनचार चोखण्यांत त्याची त्या वेळची सगळी ताकद संपते आणि मग ते झोपतं, उबेत, तुझ्या वासात. ही नाराजी नाही. उलट तोंड उघडून, पकडून, दोनचार वेळा चोखलं हे या वयाला चांगलं चाललंय असंच कुठलीही अनुभवी सिस्टर सांगेल.

तर आधी घड्याळाचं काम. सहा वेळा पंप करतेस ते आठ वेळा कर, जमेल त्या दिवशी नऊ. आणि रात्रीबद्दल घरच्यांचं मन मोडावं लागेल. त्यांना तुझी काळजी आहे हे खरं, पण सात-आठ तास छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो की एवढं नकोय, कमी करा. शिवाय दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रभर जाग असं मी म्हणत नाहीये. सलग चार-साडेचार तास, फार तर पाच तास झोप, मधे एकदा उठून पंप कर, पुन्हा झोप. आणि ज्यांना तुझी काळजी आहे त्यांनी त्या वेळी पंप जोडून हातात द्यावा, नंतर भाग धुवावेत, दूध फ्रिजमध्ये ठेवावं, तू फक्त बसायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. ही खरी मदत. दिवसा अगदी तीन-तीन तासांनी जमत नसेल तर दोन वेळा कमी अंतराने कर, जसं सकाळी दीड तासाच्या अंतराने, चालतं. चोवीस तासांत किती वेळा झालं ते मोजायचं.

पंपाला हाताची जोड दे. हे सगळ्यात कमी सांगितलं जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पंप लावायच्या आधी गरम ओल्या कपड्याने थोडं शेकायचं, बोटांनी हलकं चोळायचं, पंप चालू असताना जिथे गाठीसारखं भरलेलं लागतं तिथे हलका दाब द्यायचा, आणि धार थांबल्यावर पंप काढून दोन-तीन मिनिटं हाताने पिळायचं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे, आधी छातीकडे दाबायचं मग बोटं एकमेकांकडे आणायची, निपल ओढायचं नाही. शेवटी हाताने निघतं ते घट्ट, जास्त चरबीचं दूध असतं, थोडं असलं तरी ते आवर्जून बाळाला द्यायला सांग. दोन्ही बाजू एकदम काढणारा इलेक्ट्रिक पंप मिळत असेल, हॉस्पिटलचा वापरायला देत असतील, तर तोच वापर. आणि त्याचा तो नरसाळ्यासारखा भाग तुझ्या मापाचा आहे का बघ, निपल कडेला घासत असेल, दुखत असेल, पांढरं पडत असेल तर माप चुकलंय. चुकीच्या मापाने कितीही वेळ बसलं तरी दूध अडतं. आणि बाईला वाटतं आपल्यातच काही कमी आहे.

दुखणं सोसत बसू नकोस. टाके दुखत असताना पान्हा फुटत नाही हे वर सांगितलंच. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं, आयबुप्रोफेनही चालतं, पण तुझं बीपी आहे म्हणून आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घे. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र पाजणाऱ्या आईने टाळायची, बाळाला जास्त झोप येऊ शकते, श्वास मंद होऊ शकतो. बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन अशा गोळ्या सहसा चालतात, पण बाळ लहान आहे म्हणून तू काय काय घेतेस त्याची यादी बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखव. आणखी एक, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, तेव्हा कुणीही सहज देईल म्हणून काही घेऊ नकोस.

काढलेल्या दुधाचं थोडक्यात. हात धुऊन, स्वच्छ डबीत, वर तारीख आणि वेळ लिहून. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस असं सांगतात, पण एनआयसीयूतल्या बाळाचे नियम जास्त कडक असतात, त्यांचे तिथेच विचार आणि तेच पाळ. मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करायचं नाही.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ते, कांगारू केअर. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे एकतर तुला कुणी सांगितलं नाही किंवा टाक्यांमुळे मागे पडलं. बाळाला फक्त नॅपी आणि टोपी, तुझ्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखं पाय दुमडून, वरून कपडा. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी हे सुरू केलं, तेव्हा तो नाइलाज होता. आज तो नाइलाज राहिलेला नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांवर, म्हणजे तुझ्या बाळाच्या जन्माच्या वजनाचीच बाळं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्के कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की लवकर किंवा कमी वजनाच्या बाळांना दिवसाला ८ ते २४ तास असं ठेवा, जमेल तितकं जास्त. तुझं सुरुवातीला हुकलं म्हणून काही वाया गेलं नाही, आजपासून सुरू कर. मागे रेलून बसता येईल अशी खुर्ची माग, बाळ टाक्यांच्या वर छातीवर येतं, पोटावर भार येत नाही. एकदा घेतलं की निदान तासभर काढायचं नाही, उचल-ठेव करण्यातच त्याची ताकद जाते. तू दमलीस की बाबांनी घ्यायचं, बाबांच्या छातीवर बाळ तसंच उबदार राहतं. आणि तू घेतल्यावर लगेच पंपाला बसून बघ, बऱ्याच जणींना त्या वेळी जास्त दूध निघतं, बाळ अंगाशी असलं की पान्हा येतो. तू दूर दुसऱ्या खोलीत भिंतीकडे बघत पंप करतेस असं लिहिलंयस, त्यापेक्षा बाळाच्या पेटीशेजारी बसून कर, निदान त्याचा फोटो समोर ठेव, त्याच्याजवळ ठेवलेलं फडकं हातात घे.

मग पिण्याची प्रॅक्टिस. सध्या प्रॅक्टिसच म्हणू, जेवण नको. पंप करून छाती जवळजवळ रिकामी झाली की त्यावर बाळाला दे, धार अंगावर येत नाही, ठसका लागत नाही, चोखायचं, चाटायचं, वास घ्यायचं. त्याच वेळी नळीने फीड चालू असेल तर आणखी बरं, पोट भरणं आणि आईची छाती हे त्याच्या डोक्यात जोडलं जातं. हळूहळू गिळताना दिसायला लागेल, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, बारीक 'क' असा आवाज येतो, तेव्हा भरलेल्या छातीवर द्यायचं. धरायचं कसं, तर टाक्यांवर बाळ यायला नको म्हणून काखेतून, बाळाचं अंग तुझ्या काखेखाली, पाय पाठीकडे, मान तुझ्या हातात. लहान बाळाला मानेचा आधार जास्त लागतो, नाहीतर डोकं मागे पडून पकड सुटते. रात्री कुशीवर पडून. पकड घेतंय पण सारखी सुटतेय असं असेल तर पातळ सिलिकॉनची निपल शील्ड काही दिवस वापरतात, लहान बाळांना तिचा उपयोग होतो, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि पंप चालू ठेवून. एका वेळी वीस-तीस मिनिटं पुरे, त्याहून जास्त वेळ झगडलं तर प्यायलेलं सगळं झगडण्यातच खर्च होतं.

बाटलीचं विचारलंयस. नळी सुटल्यावर, तू नसताना, काहीतरी साधन लागणारच. वाटी-चमच्याने किंवा छोट्या कपाने पाजलेल्या बाळांमध्ये घरी जाताना अंगावर पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून तुमच्याकडे सिस्टरना कपाची सवय असेल तर तेच निवड. पण त्याला वेळ लागतो, दूध सांडतं, आणि कधीकधी त्यामुळे डिस्चार्ज लांबतो. बाटलीने सगळं संपलं असं अजिबात नाही, बाटलीवर असलेली कितीतरी बाळं ४० आठवड्यांच्या आसपास अंगावर यायला शिकतात, मी स्वतः बघितलीयत. बाटली द्यायचीच तर हळू धारेचं बूच, बाळ जरा उभं, बाटली आडवी, मधे मधे थांबत. बाळ बाटलीला चिकटतं ते बहुतेक वेळा धार आयती मिळते म्हणून. आणि अंगावर धार मिळायला छातीत दूध असावं लागतं, म्हणून पुन्हा त्या घड्याळाच्या कामावरच येतो आपण.

आता तुझा खरा प्रश्न, बंद करू का. तू तो "फॉर्म्युला की हट्ट" असा मांडलायस, आणि मला वाटतं या दोनच वाटा आहेत हे तुला कुणीतरी सांगितलंय. मधे बरंच काही आहे. आज तू देतेस तसं मिश्र देणं ही अर्धीमुर्धी हार नाही, ती स्वतःच एक नीट पद्धत आहे. लवकर झालेल्या बाळांचं आतडं कच्चं असतं, त्याला सूज येऊन ते खराब होण्याचा एक गंभीर आजार या बाळांना होऊ शकतो आणि आईच्या दुधाने तो धोका कमी होतो, जितकं दूध तितका फायदा. शिवाय लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं जास्त असतात. म्हणजे तू जे २२० देतेस ते सगळंच्या सगळं कामी येतं, ते २८० नाही म्हणून वाया जात नाही. वरच्या ६० मिलीसाठी मिल्क बँकेचं दूध मिळतं का विचार, दात्या आयांची तपासणी करून ते ६२.५ अंशावर अर्धा तास पाश्चराइझ केलेलं असतं. नसेल तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा फॉर्म्युला द्यायचा, त्यात अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. आणि उद्या डॉक्टर तुझ्या दुधात पावडर मिसळायला सांगतील तर "माझं दूध पातळ आहे" असा अर्थ लावू नकोस. हाडांचं कॅल्शियम, फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत पोटात जमा होतं, ते तुझ्या बाळाचं राहून गेलं, ते भरून काढायला ती असते. व्हिटॅमिन डी, आयर्नचे थेंबही त्याचसाठी.

बंद करायचंच असेल तर तो तुझा हक्क आहे, हे मी मनापासून म्हणतेय. बीपी आटोक्यात येत नाही, मन ताळ्यावर राहत नाही, तर आईची तब्येत आधी. फक्त दोन विनंत्या. एक, सगळ्यात वाईट रात्री ठरवू नकोस. आठ वेळा पंप, हाताची जोड, रोज कांगारू, एवढं आणखी दोन आठवडे करून बघ, तोवर बाळ साडेसदतीस आठवड्यांचं होईल आणि चित्र बरंच बदललेलं असेल, मग रोजच्या दुधाच्या आकड्यांची वही उघडून ठरव. दूध वाढलंच नाही, काही जणींचं सगळं करूनही वाढत नाही, तर आहे तेवढं देत राहा, दिवसाला चार वेळाच पंप केलास तरी ते दूध दूधच आहे. दुसरी विनंती, एकदम बंद करू नकोस, तीन-चार दिवसांनी एकेक वेळ कमी कर, नाहीतर छाती दगडासारखी होते, ताप येतो, गाठी पिकतात.

घरी जायची वेळ येईल तेव्हाचं थोडं आत्ताच सांगून ठेवते, कारण तिथेच बऱ्याच जणी अडकतात. दोन किलोचं बाळ घरी आलं की गोंडस दिसतं, शांत झोपतं, आणि सगळे म्हणतात किती गुणी आहे. लवकर झालेलं बाळ भूक लागली तरी रडत नाही बऱ्याचदा, दमून झोपतं. म्हणून दोन-अडीच तासांनी, जास्तीत जास्त तीन तासांनी उठवून पाजायचं, कपडे काढून, तळवे चोळून, नॅपी बदलून. टॉपअप, म्हणजे अंगावर पिऊन झाल्यावर वरून दिलेलं दूध, एकदम बंद करायचा नाही, वजन बघत बघत कमी करायचा. डिस्चार्जच्या आधी सिस्टरना सांगून एकदोनदा पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, बारीक वजनकाट्यावर वजन करून घे, जितके ग्रॅम वाढले साधारण तितके मिली प्यायलं, मग टॉपअप किती द्यायचा ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. अंगावर पाजणं, मग टॉपअप, मग पंप, हे तिन्ही दर वेळी केलंस तर दिवसात दुसरं काही उरत नाही, म्हणून पूर्ण चक्र तासाभरात संपायला हवं आणि त्यातली निदान एक गोष्ट दुसऱ्या कुणीतरी करायला हवी. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओल्या नॅपी म्हणजे पोटात जातंय. उठवूनही उठत नसेल, शू कमी झाली, पिवळेपणा वाढला, ताप आला किंवा अंग गार पडलं, श्वास भरभर चालला, ओठ निळसर दिसले, तर पाजण्याचं नंतर बघू, आधी डॉक्टर.

आणि तू. बाळ जन्मलं आणि दोन दिवस तू त्याला बघितलं नाहीस, हे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस. ते एका वाक्याचं नाहीये. पोटात बाळ होतं, जाग आली तेव्हा नव्हतं, आणि कुठे आहे ते दुसऱ्याकडून कळलं. रडायला येत असेल तर येऊ दे, दुधावर त्याचा वाईट परिणाम होतो म्हणून कुणी गप्प बसवत असेल तर ऐकू नकोस. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटतंय, बाळाकडे बघूनही काही वाटत नाही, झोपायला मिळालं तरी झोप लागत नाही, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, औषध लागलं तर पाजताना चालणारी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार डोकावला तर त्याच दिवशी, त्याच तासाला सांगायचं.

उद्या एनआयसीयूत गेलीस की सिस्टरना दोनच गोष्टी विचार, कांगारूला कधी बसू आणि पंप बाळाच्या शेजारी बसून केला तर चालेल का. आणि वहीत रोजचा एकूण आकडा लिहीत जा, प्रत्येक वेळचा नाही, सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी निघतं, ते बघून उगाच जीव खाली-वर होतो. दोन आठवड्यांनी तो आकडा मला कळव, वाढला असला तरी आणि नसला तरी.

तुझी,
ताई